घरीं आलेला अबोला

मरोळच्या औद्योगिक वसाहतींत माझे वडील यंत्रदुरुस्तीचें काम करीत. सायंकाळीं ते घरीं येत, तेव्हां हातांना तेलाचा वास असे आणि तोंडीं दिवसभरांतील एखादी हकीकत. कोणतें यंत्र अडलें, तें कसें चालूं झालें, हें वर्णन आम्हां भावंडांस गोष्टीसारखें वाटे.

पुढें कारखान्यांत नवे साहेब आले. एका यंत्राच्या बेअरिंगमधून खरखर ऐकूं येते, तें वेळींच बदलावें, असें वडिलांनीं त्यांस सुचविलें. साहेबांनीं सर्वांदेखत विचारिलें, "येथें साहेब कोण? तूं कीं मी?" त्या दिवसापासून आमच्या गोष्टी बंद पडल्या. वडील खालीं मान घालून जेवीत. एकदां धाकट्या बहिणीच्या हातून तांब्या सांडला, तर ते तिच्यावर केवढे ओरडले! मग स्वतःच ओशाळून जिन्यांत जाऊन बसले. आईनें हळूच विचारिलें, "अहो, त्या यंत्राचें काय झालें?"

"अजून खरखरतें. मी आतां सांगणार नाहीं."

मला भय वाटलें तें या उत्तराचें. कारण त्या यंत्रांवर त्यांचा किती जीव होता हें मला ठाऊक होतें. पंधरा दिवसांनीं तें यंत्र बंद पडलें. साहेबांनीं दोष कोणास दिला, हें सांगावयास नकोच.

याच सुमारास इतिहासाच्या तासास गुरुजींनीं नाविकांच्या बंडाची हकीकत सांगितली. मुंबईंतील 'तलवार' या नाविक केंद्रावर कमांडर किंग हे मुख्य होते. ते नाविकांस अर्वाच्य शिव्या देत. कांहीं नाविकांनीं रीतसर तक्रार केली. तिची दाद लागली नाहीं. अन्न निकृष्ट, वेतनांत गोऱ्या-काळ्यांचा भेद, आणि मनांत स्वातंत्र्याची आस. १८ फेब्रुवारी १९४६ रोजीं त्यांनीं जेवण नाकारिलें, आणि दोन-तीन दिवसांत संप कराचीपर्यंत पोहोंचला. सुमारें २०,००० नाविक त्यांत सामील झाले.

एवढ्या मोठ्या घटनेशेजारीं आमच्या घरचा अबोला ठेवणें वाचकांस हास्यास्पद वाटेल. पण तासभर माझ्या डोळ्यांपुढें वडीलच होते. नाविक हजारों होते, म्हणून त्यांचा संप जगास दिसला. माझ्या वडिलांचा संप एकट्याचा. तो आमच्या ताटांपाशीं तेवढा दिसला.

एक गोष्ट लिहिण्यास संकोच वाटतो. मी त्या वर्षीं वर्गनायक होतों. फळ्यावर नांवें लिहितांना एक मुलगा "मी बोलत नव्हतों" असें म्हणाला, तेव्हां "गप्प बस" म्हणून मीं त्यास दटाविलें होतें. पुढील आठवड्यांत त्याच्या बांकाजवळच्या खिडकीची कडी निखळली आणि रात्रीच्या पावसांत वर्गाचा नकाशा भिजून गेला.

"कडी निघालेली तुला दिसली नाहीं का?" मीं विचारिलें.

"दिसली होती," तो म्हणाला आणि पुस्तक उघडून बसला.