बर्ड्सव्हिलची वाट

ऑस्ट्रेलियाच्या ओसाड मुलखात मारी ते बर्ड्सव्हिल अशी सुमारे ५२० किलोमीटरची कच्ची वाट आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्वीन्सलँडची गुरे याच वाटेने मारीच्या रेल्वेपर्यंत हाकीत आणत. गुरांच्या पाण्यासाठी वाटेत खोल विंधन विहिरी घेतल्या. आता हौशी कुटुंबे चारही चाकांना जोर असलेल्या मोटारीमागे कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचे घर, जोडून इकडे फिरायला येतात.

ओझे भरण्याची रीत मात्र आपल्या बैलगाडीसारखीच. मागे भार जास्त झाला की बैलगाडी उलाळ होते. कॅराव्हॅन मागे जड झाली तर ती झोले खाते आणि मोटारीलाही उलथवते. म्हणून तिच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा जोडावर येईल असे सामान लावतात. वाळूत टायरमधली हवा कमी करतात.

डिसेंबर १९६३ मध्ये या वाटेवर एका कुटुंबाचे पेट्रोल संपले. पाण्याच्या शोधात ते मोटार सोडून निघाले. पाचही जण तहानेने गेले. तिथे प्रवाशाला आजही बजावतात, गाडी बंद पडली तरी तिच्याजवळच सावलीत थांबा. माणसापेक्षा गाडी लांबून दिसते. आणि निघताना आधी पाणी भरा, मग बाकीचे सामान. दुष्काळ पाहिलेल्या आपल्या घरांना हे पटवून द्यायला नको.