चार पुतळ्यांपाशी

उमरग्याहून सोलापूरची एसटी नळदुर्ग ओलांडते तोवर आमच्या घरची मुलं झोपलेली असतात. या वेळी धाकटा जागा होता. खालाच्या नातीचा निकाह १३ जानेवारीला होता, पण खालूंचा निरोप होता, "बारालाच या. हुतात्म्यांचा दिवस आहे, पोरांना चौक दाखवू." म्हणून एक दिवस आधीच निघालो.

धाकटा आठवीत आहे. दरवर्षी १४ ऑगस्टच्या रात्री तो कागदी झेंडे चिकटवत बसायचा आणि सकाळी गल्लीतल्या लहान पोरांना वाटायचा. दीड वर्षापूर्वी प्रभातफेरीहून घरी येताना कोपऱ्यावर तीन-चार मोठ्या मुलांनी त्याला अडवलं, मोबाईल समोर धरला आणि घोषणा द्यायला लावली. एकदा नव्हे, तीनदा. "अजून जोरात" म्हणत. तीच घोषणा तो अर्ध्या तासापूर्वी शाळेच्या मैदानावर सगळ्यांसोबत घसा बसेपर्यंत देऊन आला होता. मारहाण नाही, शिवी नाही. मुलं हसत निघून गेली. त्यानंतर मात्र त्याने झेंडे केले नाहीत. विचारलं की म्हणतो, "कंटाळा आला." शिक्षकाच्या घरात हा शब्द रोजचाच, पण हा कंटाळा वेगळा, एवढं आम्हाला कळत होतं.

खालूंची सारी उमर मिलमध्ये गेली. आता मिल नाही, भोंगा नाही, तरी पहाटेच उठतात. नाश्त्याला कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही झालं आणि ते आम्हाला घेऊन निघाले. संक्रांतीचे दिवस, सिद्धेश्वराची यात्रा; शहर भरलेलं होतं. तलावाच्या बाजूने गर्दी, खेळण्यांच्या गाड्या, गाजरं, ऊस. त्यातून वाट काढत चार हुतात्मा चौकात आलो. सोलापूरकर याला नुसतं 'चार पुतळा' म्हणतात. रिक्षावाल्यालाही तेच सांगायचं असतं.

मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ रोजी या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली. आम्ही पोचलो तेव्हा पुतळ्यांच्या गळ्यात ताजे हार होते. खालूंनी दुआसाठी हात उचलले. शेजारी एक आजोबा चप्पल काढून हात जोडून उभे होते. दोघांची ओळख नव्हती, पण जाताना एकमेकांकडे बघून मान हलवली.

धाकट्याने चौथं नाव दोनदा वाचलं. "हे काय करायचे?"

गिरणी कामगारांत काम करायचे आणि 'गझनफर' नावाचं वृत्तपत्र चालवायचे. गझनफर म्हणजे सिंह, हे उर्दूच्या तासाला आम्ही शिकवलेलं त्याला आठवलं आणि तो जरा ताठ झाला. फाशी गेले तेव्हा जेमतेम विशीतले. आमच्या शाळेतून बाहेर पडलेली कितीतरी मुलं आज त्या वयाची आहेत.

१९३० च्या एप्रिलमध्ये सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा चढला. मे महिन्यात गांधीजींना अटक झाली आणि शहर पेटलं. ८ मेच्या गोळीबारात शंकर शिवदारे हा तरुण पडला. मंगळवार पेठेची पोलीस चौकी जाळली गेली, त्यात पोलीस मेले. हेही मुलांना सांगावं लागतं, गाळून चालत नाही. त्याच खटल्यात चौघांना फाशी झाली. त्याआधी १२ मेपासून जूनअखेरपर्यंत शहरात मार्शल लॉ होता आणि तिरंगा घेऊन रस्त्यावर येणं हा गुन्हा होता. आज ज्या कापडासाठी कोणी आपल्या मुलाला कोपऱ्यावर अडवतो, त्याच कापडासाठी तेव्हा पोलीस अडवत होते.

आणि तो झेंडा आजचा नव्हताच. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल पट्टा आणि चरखा. केशरी पट्ट्याचा तिरंगा काँग्रेसने स्वीकारला ऑगस्ट १९३१ मध्ये. अशोकचक्राचा संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी. म्हणजे या चौघांनी आपला झेंडा डोळ्यांनी पाहिलाच नाही. हे ऐकून धाकटा गप्प झाला. आम्हालाही ते त्या दिवशीच नीट जाणवलं, कित्येक वर्षं शिकवत असूनही.

भाषेच्या तासांबरोबर नागरिकशास्त्रही आमच्याच गळ्यात आहे. त्यात दोन निकाल आम्ही आवर्जून सांगतो. २००४ साली नवीन जिंदल यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मानाने झेंडा फडकवणं हा नागरिकाच्या अभिव्यक्तीचा भाग आहे, कलम १९ मधला. त्याआधी १९८६ साली केरळातल्या तीन ख्रिस्ती भावंडांचा खटला होता. शाळेत राष्ट्रगीताला ती अदबीने उभी राहत, पण त्यांच्या पंथाच्या श्रद्धेमुळे गात नसत. शाळेने काढून टाकलं. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. नुसतं गप्प उभं राहणं हा अपमान नव्हे, असं ठरवलं. कलम तेच. झेंडा हातात घेणाऱ्यावरही त्याचं छप्पर आहे आणि गप्प उभ्या राहणाऱ्यावरही. आम्ही स्वतः राष्ट्रगीत मोठ्याने गातो, मुलांकडून गाऊन घेतो आणि सूर चुकला की पुन्हा गायला लावतो. पण गायला लावणं आणि तपासायला उभं राहणं यात फरक आहे.

आपल्याकडेही एक गोष्ट चालते. "मोठा झेंडा लावा, म्हणजे कोणी काही विचारणार नाही," असा सल्ला त्या रात्री लग्नघरातही ऐकला. देणारे आमचे नातलग, हेतू चांगला. तरी हे आम्हाला पटत नाही. भीतीने लावलेला झेंडा वाऱ्यावर तसाच दिसतो खरा, पण घरातली पोरं तो कशासाठी लावलाय ते ओळखतात. आणि "आपल्याला काय करायचंय झेंड्याशी" म्हणणारेही त्याच पंगतीत होते. त्यांना खालूंनी एवढंच विचारलं, "कुर्बान हुसेनचं नाव माहीत आहे का?" बऱ्याच जणांना नव्हतं. सोलापुरात राहून.

निकाह छान झाला. १४ तारखेला परत निघालो. नळदुर्ग आलं तसा धाकटा म्हणाला, "अब्बा, त्यांच्या झेंड्यात केशरी नव्हता आणि तरी तो आपलाच. हे मी वर्गात सांगितलं तर सर रागावतील?"

"सांग," आम्ही म्हणालो. "रागावले तर आमचं नाव सांग."

"आणि झेंडे नाही केले तर?"

"तुझी मर्जी."

तो खिडकीला डोकं टेकून बसला. २६ जानेवारीला अजून बारा दिवस होते. अम्मीने तेवढ्यात शेंगाचटणीची पुडी फुटल्याचं सांगितलं आणि सगळी बस चटणीच्या वासाने भरून गेली.