त्वरण आणि एक राहून गेलेली क्षमा

पुष्कळ वर्षे मी नंदुरबार जिल्ह्यातील एका शाळेत विज्ञान शिकविले. त्या काळातील एक चूक अद्यापही मनाला टोचते.

नववीच्या चाचणीत मी प्रश्न घातला होता : सुरत-भुसावळ लोहमार्गावरील आगगाडी ५० सेकंदांत आपला वेग ताशी ५४ किलोमीटरवरून ७२ किलोमीटरवर नेते. थांब्यावरून सुटलेली एस. टी. २० सेकंदांत ताशी ३६ किलोमीटर वेग गाठते. त्वरण कोणाचे अधिक?

बहुतेक मुलांनी, हुशार म्हणविणाऱ्यांनीसुद्धा, आगगाडीचे नाव लिहिले. धडगावकडील पाड्यावरून आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या एका मुलाने मात्र 'एस. टी.' असे लिहिले होते. मराठी ही त्याच्या घरची भाषा नव्हती. जेथे हुशार मुले चुकली, तेथे याला कसे जमणार? कोठून तरी पाहून लिहिले असावे, असे ठरवून मी त्याचे निम्मे गुण कापले.

दुसऱ्या दिवशी त्याने काही न बोलता उत्तरपत्रिका उलटी करून माझ्यापुढे ठेवली. मागे सारे गणित मांडलेले होते. एका सेकंदात वेगात होणारा बदल म्हणजे त्वरण. आगगाडीचा वेग सेकंदाला १५ मीटरवरून २० मीटर झाला. ५० सेकंदांत ५ मीटरची वाढ, म्हणून त्वरण ०.१. एस. टी.ची वाढ २० सेकंदांत १० मीटरची, म्हणून ०.५, पाचपट! आगगाडी सरळ रुळांवर एकाच वेगाने धावत राहिली असती, तर तिचे त्वरण शून्यच भरले असते.

"तुला हे सुचले कसे?" मी विचारले.

"सर, एस. टी. सुटली की दांडा धरावा लागतो. आगगाडीत एवढा धक्का बसत नाही."

मी निरुत्तर झालो. वेग डोळ्यांना दिसतो, त्वरण मात्र मोजावे लागते. मी त्या मुलाला केवळ पाहिले होते, मोजले नव्हते.

अशा वेळी मला फादर रिचोली आठवतात. सतराव्या शतकातील हे येशूसंघीय धर्मगुरू. पडणाऱ्या वस्तूंविषयीचा गॅलिलिओचा नियम चुकीचा असावा, अशी त्यांना शंका होती. परंतु शंकेवर विसंबून त्यांनी निकाल दिला नाही. इटलीतील बोलोन्या शहरातील असिनेल्ली मनोऱ्यावरून त्यांनी गोळे खाली सोडले आणि लंबकाच्या हेलकाव्यांवर वेळ मोजली. लंबक अचूक असावा म्हणून आपल्या संघबंधूंना बसवून त्यांनी त्याचे हेलकावे अहोरात्र मोजून घेतले. समान कालखंडांत गोळा १, ३, ५, ७ या प्रमाणात अंतर कापतो, असे आढळले. नियम खरा होता. १६५१ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी ते मोकळेपणाने नमूद केले.

मी त्या मुलाचे गुण वर्गासमोर परत दिले, शाबासकीही दिली. क्षमा मात्र मागितली नाही. शिक्षकाने विद्यार्थ्यापुढे वाकू नये, असे तेव्हा वाटत असे. रिचोलींनी साऱ्या विद्वानांसमोर जे केले, ते मला एका वर्गासमोर जमले नाही.

ते राहून गेलेले आज येथे लिहीत आहे. बाळा, चूक तुझी नव्हती. मला क्षमा कर.