नंबर लागल्यानंतरची टिपणं

तुळजापूरला दर्शनाला वर्षाकाठी लाखो माणसं येतात. याच गावात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा, म्हणजे टिसचा, परिसर 1986 पासून आहे हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असतं. ग्रामीण विकास, नियोजन, उपजीविका असे विषय घेऊन एम.ए. करायला देशभरातून मुलं इथे येतात. पूर्वी टिसनेट ही प्रवेशपरीक्षा द्यावी लागे, आता सीयूईटी-पीजीचे गुण लागतात. याच जिल्ह्यातल्या भूम-परंड्याच्या, वाशी-कळंबच्या मुलांना मात्र ही संस्था मुंबईइतकीच लांब वाटते, आणि फी भरायची तारीख जवळ आली की आणखी लांब जाते.

*

भूम तालुक्यातली एक मुलगी. बी.एस्सी. झालेली, घरी तीन एकर कोरडवाहू. तिच्यापुढे तीन पर्याय आहेत. पुण्याच्या एका खाजगी कॉलेजात एमबीएची सीट पक्की, फी आठ दिवसांत भरायची. विद्यापीठाच्या धाराशिव उपपरिसरात एम.एस्सी.ला नंबर लागलेला. आणि तुळजापूरला वेटिंग चार. मन तिथेच आहे, कारण पाणलोट, टँकर, बोअर हे सगळं तिनं पुस्तकाच्या आधी गावात पाहिलेलं आहे.

तिनं जुन्या प्रॅक्टिकलच्या वहीचं मागचं पान उघडून दाखवलं. रेघा मारून रकाने पाडले होते: फी, मेस, खोली, एसटी, पुस्तकं. शेवटचा रकाना ‘घरून किती’. बाकीचे भरलेले, तो तिन्ही ओळींत कोरा.

*

‘वेटिंग चार’ म्हणजे काय, हे आधी नीट विचारून घ्यावं. यादी प्रवर्गनिहाय असते. खुल्या यादीतला चौथा आणि ओबीसी यादीतला चौथा यांच्या शक्यता सारख्या नसतात. मागच्या वर्षी त्या प्रवर्गात यादी कुठवर सरकली, हे कार्यालयात फोन करून विचारता येतं. विचारायला आपली मुलं लाजतात, ते मला फार लागतं.

यादी सरकते ती वरच्या मुलांनी दुसरीकडे प्रवेश घेतल्यावर. सीयूईटीच्या त्याच गुणांवर दिल्ली, हैदराबाद, वर्धा इथेही अर्ज केलेले असतात. तिकडच्या याद्या लागेपर्यंत ही मुलं इथली सीट धरून ठेवतात. घरात पैसे आहेत ते दोन-दोन ठिकाणी फी भरून थांबू शकतात. ज्यांच्याकडे एकाच ठिकाणापुरते आहेत, तेही उसने, त्यांना पहिल्या तारखेलाच कायमचा निर्णय घ्यावा लागतो. प्रतीक्षा यादी सगळ्यांना सारखी लागू असली तरी प्रतीक्षा करणं सगळ्यांना परवडत नाही. एवढी साधी गोष्ट प्रवेशाचं वेळापत्रक आखणाऱ्यांच्या लक्षात का येत नाही?

*

फी परत मिळते हे पालकांना माहीतच नसतं. 2024-25 च्या प्रवेशांसाठी यूजीसीनं स्पष्ट सांगितलं होतं: 30 सप्टेंबरपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत, 31 ऑक्टोबरपर्यंत केला तर जास्तीत जास्त 1,000 रुपये कापून बाकीची परत. त्या-त्या वर्षीचं परिपत्रक काढून जवळ ठेवावं. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत, हा नियमही यूजीसीच्या 2018 च्या अधिसूचनेत आहे. तरी एका कॉलेजनं माझ्या ओळखीच्या मुलाची टीसी आणि मार्कमेमो दोन महिने दिले नाहीत, आणि तेवढ्यात त्याची दुसरीकडची जागा गेली.

*

आता कर्जाचा हिशेब. फीचा आकडा सगळे सांगतात, हप्त्याचा कोणी सांगत नाही.

समजा दोन वर्षांच्या शिक्षणाला 4 लाख. दर सहा महिन्यांना 1 लाख उचलले, व्याज 10 टक्के. शिक्षणाची दोन वर्षं आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नाही. पण व्याज थांबत नाही. सरळ व्याजानंच तीन वर्षांत 90,000 होतात. परतफेड सुरू होते ती 4 लाख 90 हजारांवर. दहा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला साधारण 6,475 रुपये, आणि शेवटपर्यंत भरून पावणेआठ लाखांच्या आसपास.

2025-26 साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 आहे. म्हणजे वर्षाच्या हप्त्यांना साडेचौदा क्विंटलहून जास्त सोयाबीन, तेही पूर्ण हमीभाव मिळाला तर. साधलेल्या वर्षी दोन एकरांत एवढं निघतं, त्यातून बियाणं, फवारणी, मळणी वजा व्हायची असते. पुण्याच्या सीटला 6 लाखांहून अधिक लागणार होते. पहिला पगार किती मिळेल, हे तिनं त्या कॉलेजला विचारलं तेव्हा सर्वांत मोठं पॅकेज सांगितलं गेलं. मधल्या मुलाला किती मिळतं ते विचार, असं मी तिला सांगितलं. उत्तर आलं नाही.

*

बँकेत गेलं की पहिला प्रश्न: सातबारा आणलाय का?

नियमानं 4 लाखांपर्यंत तारण लागत नाही, आईवडील सहकर्जदार असले की पुरे. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला केंद्राच्या पतहमी निधीचं संरक्षण आहे, त्यातही तारण मागायचं नसतं. पण शाखेत बसलेल्या माणसाला जमीन दिसली की बरं वाटतं. उताऱ्यावर ‘इतर हक्क’ म्हणून रकाना असतो. बोजा चढला की फेरफार क्रमांकासह बँकेचं नाव तिथे येतं. तिच्या वडिलांच्या उताऱ्यावर सोसायटीचं नाव आधीच आहे. पीककर्ज थकलेलं, त्यामुळे सिबिल खाली, आणि म्हणून मुलीचं शैक्षणिक कर्ज अवघड. पाऊस पडला नाही त्याची शिक्षा मुलीच्या शिक्षणाला. केरळ उच्च न्यायालयानं 2023 मध्ये म्हटलं आहे की सिबिल कमी आहे एवढ्याच कारणावरून शैक्षणिक कर्ज नाकारता येणार नाही. तो आदेश आपल्या शाखांपर्यंत पोचायला हवा. तोवर अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, नकारही लेखी मागावा. तोंडी ‘होत नाही’वर उठून यायचं नाही.

*

फेब्रुवारी 1941 मध्ये बाबासाहेब आंबेडकर आपल्या धाराशिव जिल्ह्यात, कसबे तडवळ्याला परिषदेसाठी आले होते. त्यांच्या शिक्षणातली पैशाची बाजू मुलांना कोणी सांगत नाही. 1913 साली बडोदा संस्थाननं त्यांना तीन वर्षांसाठी महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. अट अशी की परत आल्यावर संस्थानची दहा वर्षं नोकरी. मुदत संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धाच झाला होता. 1917 मध्ये परतावं लागलं. मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी त्यांना मिळालेली होती. मग सिडनहॅम कॉलेजात नोकरी, त्यातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले 5,000 रुपये. 1920 ला ते पुन्हा लंडनला गेले.

ती परवानगी मला सारखी आठवते. पैसे नाहीत म्हणून आज येता येत नाही, तर पैसे जमवून या, असं कोणीतरी म्हटलं. आज कोणती संस्था भूमच्या मुलीला एवढं म्हणते?

*

2018 च्या फेब्रुवारीत टिसच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटीच्या मुलांनी संप केला होता. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या मुलांना मिळणारी मेस-होस्टेलच्या खर्चाची सवलत काढून घेतली, हे कारण. दोन्ही बाजूंचं म्हणणं तेव्हा छापून आलं. मला त्यातून एवढंच दिसतं: सरकारची शिष्यवृत्ती येते सावकाश, मेसचं बिल येतं दर महिन्याला. मधला काळ कोणी भरायचा, हे ठरवलं नाही की तो मुलावर येऊन पडतो.

*

8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना, त्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आल्या असतील तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क राज्यानं 2024 मध्ये पूर्ण माफ केलं. चांगला निर्णय. पण मेस, खोली, एसटी त्यात नाही, आणि बाहेरगावी राहणाऱ्या मुलीचा खरा खर्च तोच.

केंद्राच्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत याच उत्पन्नमर्यादेत 10 लाखांपर्यंतच्या कर्जाला व्याजात 3 टक्के सूट आहे, पण ठरवून दिलेल्या संस्थांनाच. सीट पक्की करण्याआधी आपली संस्था त्या यादीत आहे का, ते पाहावं.

*

पुण्याची सीट तिनं सोडली. उपपरिसरात प्रवेश घेतला. फी वडिलांनी दोन शेळ्या विकून भरली, बोजा चढवला नाही. तुळजापूरची यादी सरकून तीनवर आली आहे. नंबर लागला तर उपपरिसराची फी परत मागण्याचा अर्ज आम्ही आत्ताच लिहून ठेवलाय, त्याला यूजीसीचं परिपत्रक जोडलंय, तारीख तेवढी घालायची आहे. बँकेतला 4 लाखांचा अर्जही पोच घेऊन दिलेला आहे, जमिनीच्या कागदाशिवाय.