दोन शिखरं, तीन संच

अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या व्हर्जिनियाकडच्या काठावर जी कालवं पाळली जातात, त्यातली बहुतेक त्रिगुणित असतात. साध्या कालवात गुणसूत्रांचे 2 संच, म्हणजे 20 गुणसूत्रं. यांच्यात 3 संच, 30. ती जवळजवळ वांझ असतात, म्हणून उन्हाळ्यातही मांस भरलेलं राहतं. शेतकरी बीजाला जास्त पैसे मोजतो ते यासाठीच.

एका हॅचरीचं बीज तपासायचं काम माझ्याकडे होतं. मायक्रोसॅटेलाइट मार्करवर एका जागी तीन वेगळी अ‍ॅलील, म्हणजे त्या जागेची वेगवेगळी रूपं, दिसली की त्रिगुणित, हा माझा हिशेब. आलेखात प्रत्येक अ‍ॅलीलचं एक शिखर येतं. 1994 मध्ये शिमिंग ग्वो आणि स्टँडिश अ‍ॅलन यांनी चतुर्गुणित कालवं घडवल्यापासून बरंचसं बीज चतुर्गुणित नरापासूनच होतं. त्याच्या शुक्रपेशीत दोन संच, तेही बहुधा वेगळे. त्यामुळे तिसरं शिखर सहज दिसायचं. मला त्याचीच सवय लागली होती.

त्या हॅचरीची एक तुकडी मात्र सायटोकेलेसिन बी वापरून केलेली होती. फलनानंतर अंडं एक संच बाहेर टाकतं, ते हे औषध रोखतं. आत अडकलेला संच आईच्याच उरलेल्या संचाची जुळी प्रत असतो. सेंट्रोमिअरपासून, म्हणजे या दोन प्रती जिथे जोडलेल्या असतात त्या बिंदूपासून, दूर त्यांच्यात फरक पडतो, जवळ सहसा पडत नाही. माझे मार्कर नेमके जवळचे होते. आलेखात दोनच शिखरं आली आणि ‘औषध लागू पडलं नाही’ असा अहवाल मी दिला. हॅचरीने तुकडी फेकून दिली.

उजवीकडचं, म्हणजे लांब अ‍ॅलीलचं शिखर दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट उंच होतं. पीसीआरची चूक समजून मी ते सोडून दिलं. पण पीसीआर आखूड अ‍ॅलीलला झुकतं माप देतो, लांबला नाही. एवढं माहीत असूनही मी थांबलो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. राखून ठेवलेले नमुने नंतर डीएनएचं प्रमाण मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर लावले, तेव्हा डीएनए साध्या कालवाच्या दीडपट भरलं. बीज त्रिगुणितच होतं; ते दुप्पट शिखर आईच्या दोन सारख्या प्रतींचं होतं.

त्यात कालवांमध्ये नल अ‍ॅलीलही फार. असलेलं अ‍ॅलीलसुद्धा कधी कधी दिसत नाही. म्हणून या कामात नव्याने येणाऱ्यांना कळकळीने सांगतो: आईबापांचे नमुने जपा, सेंट्रोमिअरपासून दूरचे मार्कर निवडा, आणि दोन शिखरांच्या भरवशावर कुणाचं बीज फेकायला लावू नका.