तबकडी लिहितांना

पूर्वीं पोथीची नक्कल करणारा लेखक चुकलेल्या अक्षरावर हरताळ लावी व त्याच जागीं पुन्हा लिही. डी.व्ही.डी.-आर जातीच्या तबकडीवर लिहिणारास ही सवलत नाहीं. तिच्या आंतील रंगद्रव्याच्या थरावर लेसर किरणाच्या उष्णतेनें उमटलेल्या खुणा पुसतां येत नाहींत. तरुण मंडळी या क्रियेस ‘बर्न करणें’ म्हणतात, तें यथार्थच होय.

साठीनंतर हा उद्योग आम्हीं आरंभिला, त्यास तसेंच कारण घडलें. आमच्या चिरंजीवांच्या मुंजीची 1994 सालची व्हिडिओ फीत घरीं आहे. कैलासवासी तीर्थरूपांचा आवाज तेवढ्या एका फितींतच उरला आहे. फीत झिजत चालली, म्हणून तींतील चित्र संगणकांत उतरवून घेतलें. परंतु आमच्या वडील भगिनी गांवीं एकट्या राहतात. इंटरनेटचें त्यांस वावडें. जवळ आहे तो जुना डी.व्ही.डी. प्लेअर. त्यांस वडिलांचा आवाज ऐकवावयाचा तर तबकडीवांचून गति नव्हती.

नव्या लॅपटॉपांत बहुधा तबकडीची सोयच नसते, सबब यू.एस.बी.च्या तारेनें जोडावयाचा बाहेरचा ड्राइव्ह आणविला. येथें एक गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. संगणकांतील फाइल जशीच्या तशी तबकडीवर उतरविली, तर जुन्या प्लेअरास ती उमजेलच असें नाहीं. त्यास एम्पेग-2 पद्धतीचें, डी.व्ही.डी.-व्हिडिओच्या ठराविक रचनेंत बांधलेलें चित्र लागतें. 4.7 जी.बी.च्या तबकडींत असें चित्र साधारण दोन तासांचें मावतें. चौपट वेगानें लिहिल्यास भरलेल्या तबकडीस सुमारें पाव तास लागतो; तोंवर ड्राइव्हास धक्का लागूं देऊं नये. शेवटीं ‘फायनलाइझ’ करण्यास विसरूं नये; एरव्हीं ती दुसऱ्या यंत्रावर चालण्याची खात्री नसते.

गुरूनें ऐकल्यावांचून शिष्याची संथा पुरी होत नसे. तद्वत् लिहिलेली तबकडी आरंभापासून अंतापर्यंत स्वतः पाहावी, मगच दुसऱ्याच्या हातीं द्यावी. ती उन्हांत ठेवूं नये, एकीवर विसंबूं नये आणि मूळ फाइलहि जपावी. कारण रंगद्रव्य कालांतरानें विटतें आणि तबकडी वाचणारीं यंत्रें तर आतांच दुर्मिळ होत चाललीं आहेत.

आम्हीं पांच तबकड्या लिहिल्या. पैकीं पहिली भगिनींकडे गेली. पोथ्या टिकल्या, त्या दर पिढींत कोणीतरी बसून पुन्हा लिहिल्यामुळें. हें काम पुढें नव्या साधनानें आपण करावें, असें चिरंजीवांस सांगून ठेविलें आहे.