अब्बांचा एसी

आमच्या खाडीकाठच्या गावात उन्हाळ्याचा आकडा कधीच घाबरवणारा नसतो. विदर्भात पारा ४५ वर जातो तेव्हा रत्नागिरीकडे तो ३३-३४ वर असतो. वर्तमानपत्र वाचणाऱ्याला वाटावे, कोकणातले लोक मजेत आहेत. पण रात्री उशी भिजते, पंखा नुसती वाफ फिरवतो आणि अम्मीसारख्या दम्याच्या माणसाला फज्रच्या अजानपर्यंत बसून राहावे लागते.

उर्दू माध्यमाच्या विज्ञानात बाष्पीभवनाला तबखीर म्हणतात आणि वाफेचे पुन्हा पाणी होण्याला तकसीफ. हे दोन शब्द आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहितो. घामाची तबखीर झाली की अंग थंड होते. हवाच पाण्याने भरलेली असेल तर तबखीर व्हायची कशी? बी.एड.साठी आम्ही मराठवाड्यात होतो. तिथे वाळ्याच्या कूलरने आमचा जीव वाचवला. तसाच कूलर आमच्या एका नातेवाइकांनी हौसेने गावी आणला. पंधरवड्यात गाद्यांना बुरशी आली आणि कूलरमध्ये कांदे ठेवायला सुरुवात झाली.

एसीचा जन्मच मुळी दमटपणामुळे झाला. १९०२ साली विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी हे यंत्र आखले. दमट हवेने कागद फुगायचा आणि एका रंगावर दुसरा रंग नेमका बसत नसे. म्हणजे आधी सोय झाली ती कागदाची, माणसाची पाळी नंतर आली.

आमचे अब्बा कुवेतमध्ये एसीचे फिटर होते. १९९२ ला गेले, २०११ ला परत आले. लोकांच्या खोल्या थंड राहाव्यात म्हणून त्यांनी एकोणीस उन्हाळे गच्चीवर काढले. २०१६ च्या जुलैत कुवेतमधल्या मित्रिबाह इथे ५३.९ अंश तापमान नोंदले गेले. ती बातमी आम्ही त्यांना वाचून दाखवली तर म्हणाले, "हे सावलीतलं. पत्र्यावर उभं राहून कोण मोजतो?" त्यांच्या स्वतःच्या खोलीत चौदा माणसे होती आणि एकच एसी. तोही रात्री कोणाच्या बाजूला वारा, यावरून भांडणे लावणारा.

परत आले त्याच वर्षी त्यांनी मुंबईहून दीड टनाचा विंडो एसी आणला आणि अम्मीच्या खोलीत बसवला. २०१९ मध्ये त्यांचे इंतकाल झाले.

२०२४ च्या मे महिन्यात गारवा गेला. तालुक्याहून कारागीर आला, "गॅस संपलाय" म्हणाला आणि अडीच हजार घेऊन गॅस भरून गेला. पुढच्या मेमध्ये तेच झाले. कारागीर दुसरा, वाक्य तेच, पैसे तीन हजार. सप्टेंबर उजाडेपर्यंत एसी पुन्हा नुसता घरघरत होता. ऑक्टोबरचा उकाडा तोंडावर होता आणि अम्मीचा पंप उशाशी आला होता.

तेव्हा आमचा एक जुना विद्यार्थी आला. दहावीला गणितात अडकलेला, मागच्या बाकावरचा. नंतर आयटीआय केले, सहा वर्षे दोह्यात एसीचे काम केले, आता गावी परतला आहे. त्याने येताच गॅसची टाकी काढली नाही. साबणाचा फेस मागितला आणि ब्रशने नळ्यांच्या वळणांवर लावत बसला. तीन ठिकाणी बुडबुडे आले.

"सर, गॅस म्हणजे पेट्रोल नाही. चालवल्याने तो संपत नाही. बंद नळीत तोच तोच फिरतो. कमी झाला म्हणजे कुठूनतरी गळालाच."

खाडीच्या खाऱ्या हवेने मागची जाळी खाल्ली होती. बोट लावले की पांढरी भुकटी पडत होती. भोके तो जोडू शकत होता, पण शेजारची नळी पुढच्या मोसमात गेली असती. शिवाय त्यातला गॅस आर-२२. ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारापासून त्याच्या जातीच्या गॅसवर एकेक बंधन येत गेले. आपल्याकडे तो भरून नवे एसी बनवणे आता बंद झाले आहे. नवी जाळी नऊ हजार, वर गॅस. एवढे करून यंत्र चौदा वर्षांचेच.

अम्मी ऐकेना. "घर तू बांधलंस, सोनं तुझ्या बहिणींच्या निकाहात गेलं. त्यांच्या कमाईतलं हे एवढंच उरलंय."

आम्हाला उत्तर सुचले नाही. मुलाने पुढचे झाकण उलटे करून तिच्यासमोर धरले. आतल्या बाजूला अब्बांनी उर्दूत तारखा लिहिल्या होत्या. दर दोन महिन्यांनी एक, शेवटची मार्च २०१९. त्या तो वाचत गेला. "चाची, चाचा दर वेळी खोलून गोड्या पाण्याने धूत होते. मीठ बसूच देत नव्हते. नंतर आले त्यांनी नुसता गॅस भरला."

"ते असते तर काय करते?"

"मला म्हणाले असते, उतरव."

बराच वेळ अम्मी तसबीह फिरवत राहिली. मग म्हणाली, "झाकण मला दे."

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, ते आम्हा मास्तर लोकांना बरे झाले. आम्ही पुन्हा दीड टनच घेणार होतो, पण मुलाने अडवले. टन म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला लागेल तेवढी उष्णता ओढण्याची ताकद. दहा बाय बाराच्या खोलीत दीड टनाचे यंत्र झटकन थंड करून मंदावते आणि हवेतले पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार, पण चादर ओलसर. एक टनाचे हळू चालते, पाणी जास्त काढते. बाहेरचे यंत्र त्याने खाडीकडची भिंत सोडून मागच्या सावलीत लावले. नळ्यांतली हवा पंपाने अर्धा तास खेचली. नवा आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो, म्हणून बिडी ओढणाऱ्या मदतनिसाला अंगणात पिटाळले.

आता सव्वीसवर ठेवले तरी अम्मी झोपते. सकाळी बादलीत पाणी साचलेले असते. "एसीत पाणी कोण भरतं?" असे वर्गात विचारल्यावर निम्मी मुले "मिस्त्री" म्हणाली. तकसीफ शिकवायला आम्ही आता तीच बादली नेतो.

मागच्या महिन्यात या मुलाची चौकशी करायला लांबच्या नात्यातली मंडळी आमच्याकडे आली होती. मुलगी बी.ए. झालेली. कमाई विचारली, ती शिक्षणसेवकाच्या मानधनाच्या दुपटीहून जास्त निघाली. तरी मुलीच्या खाला तोंड वाकडे करून म्हणाल्या, "पण काम एसीचंच ना? कोणी मास्तर नाही का तुमच्या पाहण्यात?"

अम्मी आतून झाकण घेऊन आली आणि त्यांच्यासमोर टीपॉयवर ठेवले. "हे माझ्या मियाँचं. तेही एसीचंच काम करत होते. यांची बी.एड.ची फी त्यातूनच गेली."

मंडळी चहा पिऊन गेली. त्यांचा निरोप अजून आलेला नाही.